‘क्रिश ३’ने निराशा केली: कोणाची, कधी, कशावरून?

मागच्या महिन्यात माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मॅडमकडून परत आला. लाल पेन तर पानापानावर होतंच, पण एका वाक्याखाली दोन रेघा होत्या. वाक्य साधं होतं: ‘२०१३ साली आलेल्या क्रिश ३ने प्रेक्षकांची निराशा केली.’ समासात मॅडमनी तीनच प्रश्न लिहिले होते. कोणाची? कधी? कशावरून?

खरं सांगतो, आधी रागच आला. पूर्व विदर्भातल्या ग्रामीण भागात लोक सिनेमा कसा बघत आले, हा माझा विषय. ते वाक्य मी जाता जाता लिहिलं होतं. पहिला भाग सगळ्यांना आवडला, दुसराही चालला, तिसरा फसला, हे कोणाला माहीत नाही? पण मग पुरावा शोधायला बसलो आणि त्या एका वाक्यात पाच आठवडे गेले. तुमच्यापैकी जे पेटच्या तयारीत आहेत किंवा संशोधन आराखडा लिहीत आहेत, त्यांच्यासाठी त्या पाच आठवड्यांचा हा हिशेब.

आधी सिनेमाची ओळख, कारण तुमच्यातले काही जण तेव्हा दुसरी-तिसरीत असतील. राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ ला आला. परग्रहावरचा जादू आणि त्याच्यामुळे बदलून गेलेला रोहित यांची ती गोष्ट. तीन वर्षांनी, २३ जून २००६ ला, ‘क्रिश’ आला. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा घालून सिंगापुरात लोकांना वाचवतो. मग सात वर्षं काहीच नाही, आणि १ नोव्हेंबर २०१३ ला ऐन दिवाळीत ‘क्रिश ३’. खुर्चीला खिळलेला खलनायक काल (विवेक ओबेरॉय), माणूस आणि जनावर यांच्या मिश्रणातून बनवलेले त्याचे ‘मानवर’, हवं ते रूप घेणारी काया (कंगना राणावत) आणि एक विषाणू. काल स्वतःच रोग पसरवतो आणि स्वतःच त्याचं औषध विकतो.

इथे पहिली ठेच लागते ती नावाला. ‘क्रिश २’ नावाचा सिनेमाच नाही! ‘कोई... मिल गया’ पहिला धरून हा तिसरा. म्हणजे ‘आधीच्यापेक्षा वाईट’ असं म्हणताना आधीचा कोणता, हे ठरवावं लागतं. दहा वर्षांपूर्वीची, आई-मुलाची आणि मित्रांची गोष्ट, की सात वर्षांपूर्वीची मारामारीची? पहिल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सामाजिक प्रश्नावरच्या चित्रपटांच्या गटात. त्या अपेक्षेने गेलेला माणूस आणि उड्या बघायला गेलेलं पोरगं यांची निराशा एकच कशी असेल? (जाता जाता: जुने अंक शोधताना क्रिश, क्रिष, कृश अशी सगळी स्पेलिंगं घालून बघा. इंग्रजीत दोन आर आहेत. माझा एक आख्खा दिवस यात गेला.)

आता पुरावे. सगळ्यात सोपी सापडतात ती परीक्षणं, आणि म्हणूनच आपण तिथेच थांबतो. ‘क्रिश ३’वर लिहिणाऱ्यांची मतं एकसारखी नव्हती. पण एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: हे सगळं हॉलिवूडमध्ये पाहिलेलं आहे. काया पाहून ‘एक्स-मेन’मधली मिस्टीक आठवते, काल पाहून त्याच मालिकेतले प्रोफेसर एक्स आणि मॅग्नेटो. तक्रार खरी आहे, मलाही तसंच वाटलं होतं. पण मला कधी वाटलं? नागपूरला हॉस्टेलवर राहून ते इंग्रजी सिनेमे लॅपटॉपवर पाहून झाल्यावर. ज्याने ‘एक्स-मेन’ पाहिलाच नाही त्याच्यासाठी काया नवीच होती. परीक्षण हा परीक्षण लिहिणाऱ्याच्या अनुभवाचा पुरावा असतो, आणि तो बहुतेक वेळा मुंबई-दिल्लीत, पहिल्याच दिवशी लिहिलेला असतो.

शिवाय परीक्षणांत एक गोष्ट मला फारशी सापडली नाही. आधीच्या भागांच्या दृश्यपरिणामांसाठी परदेशी तज्ज्ञ आणले होते. ‘क्रिश ३’चं मोठं काम मुंबईतल्याच रेड चिलीजच्या व्हीएफएक्स विभागाने केलं. कथेच्या बाजूने बघितलं तर मालिका घसरली असं म्हणता येईल. इथल्या तंत्राचा इतिहास लिहिणारा माणूस त्याच सिनेमाला फसलेला म्हणेल का, मला शंका आहे.

मग वाटलं, मतं बाजूला ठेवू, आकडे बघू. आकडे खोटं बोलत नाहीत म्हणतात. इथे तर आकड्यांचंच भांडण निघालं. पडला हा सिनेमा नक्कीच नाही; त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या हिंदी चित्रपटांत तो आहे. पण किती मोठ्या? ऑगस्टमध्ये ‘चेन्नई एक्स्प्रेस’ने कमाईचा विक्रम केला होता, आणि ‘क्रिश ३’ने तो मोडला की नाही यावर वाद झाला. निर्मात्यांकडून आलेले आकडे आणि व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्या संकेतस्थळांचे आकडे जुळेनात. आजही शोधलंत तर जगभरातली एकूण कमाई कुठे तीनशे कोटींच्या थोडी खाली दिसेल, कुठे चारशेच्या जवळ. शंभर कोटींचा फरक हा काही टायपिंगची चूक नसतो.

अशा वेळी संशोधकाने मधला आकडा काढायचा नाही. आकडा कशाचा आहे ते विचारायचं. ग्रॉस म्हणजे तिकीटविक्रीची पूर्ण रक्कम. त्यातून करमणूक कर वजा केला की नेट. थिएटरवाल्याचा वाटा गेल्यावर वितरकाच्या हाती राहतो तो शेअर. २०१३ मध्ये जीएसटी नव्हता (तो १ जुलै २०१७ पासून आला), करमणूक कर राज्याराज्यांत वेगळा होता, काही ठिकाणी माफही असे. एकाने ग्रॉस सांगायचा, दुसऱ्याने नेट लिहायचा, आणि बातमीत नुसतं ‘कमाई’ छापून यायचं. तुमच्या वहीत आकड्यापुढे हे तीनपैकी एक लिहिलेलं नसेल तर तो आकडा सध्या बाजूला ठेवा.

आता खरी गंमत. मला देशाचा आकडा नकोच होता. मला हवं होतं कुही. नागपूर जिल्ह्यातला हा तालुका, माझं गाव तिथलंच. तेवढं बारीक मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून म्हटलं निदान महाराष्ट्राचा आकडा काढू. दोन दिवस शोधलं. मिळाला नाही, कारण सिनेमाच्या धंद्यात महाराष्ट्र नावाचा प्रदेशच नाही.

हिंदी सिनेमाचं वितरण ‘टेरिटरी’प्रमाणे चालतं. मुंबई टेरिटरीत मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र येतो, पण त्याच्यासोबत गुजरात आणि गोवाही. मराठवाडा जातो ‘निझाम’मध्ये, हैदराबादसोबत. आणि आपण विदर्भवाले ‘सीपी बेरार’मध्ये! सीपी अँड बेरार हा प्रांत २६ जानेवारी १९५० ला त्या नावाने संपला, त्याचं मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. (तारीख बघा, बरोबर ५७ वर्षांनी त्याच दिवशी ‘क्रिश ३’ आला. याला काही अर्थ नाही, पण मला मजा वाटली.) इंग्रजांच्या काळातला नकाशा सरकारी कागदांतून गेला, सिनेमाच्या हिशेबात मात्र राहिला. या भागातल्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला आहे. अमरावती हे वितरणाचं जुनं केंद्र. म्हणून कुहीच्या माणसाने नागपुरात काढलेलं तिकीट ‘मुंबई’च्या आकड्यात कधी येतच नाही. ते शोधायचं तर ‘सीपी बेरार’ या रकान्यात. ‘महाराष्ट्रात सिनेमा चालला’ असं वाक्य कुठे वाचलंत तर लेखकाने कोणते रकाने मिळवले ते विचारा. बहुतेकांनी नुसता मुंबईचा घेतलेला असतो. ‘फिल्म इन्फर्मेशन’, ‘ट्रेड गाइड’ असे व्यवसायाचे जुने अंक पाहायचे असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयापासून सुरुवात करा.

रकाना सापडला तरी कुहीचा माणूस तिकिटात येतो का, हा प्रश्न राहतोच. ‘कोई... मिल गया’च्या वेळी सिनेमा रिळांच्या पेट्यांतून फिरायचा. प्रिंट मोजक्या असायच्या, आधी मोठ्या शहरांत चालायच्या, लहान गावांपर्यंत पोचेस्तोवर ओरखडे पडलेले असायचे आणि महिने गेलेले असायचे. २००५ नंतर उपग्रहावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आणि २०१३ पर्यंत हजारो पडद्यांवर एकाच शुक्रवारी सिनेमा लागायला लागला. मला वाटतं ‘निराशा’ या गोष्टीचा वेगही तिथेच बदलला. पहिल्या तीन दिवसांत गर्दी, सोमवारी निकाल. पूर्वी गावात सिनेमा येईपर्यंत तो पडला की चालला हे शिळं झालेलं असायचं, लोक आपल्या डोळ्यांनी बघायचे.

पण त्या दिवाळीत आमच्या भागातली माणसं तरी कुठे होती? नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे धान कापणीला आलेला, कापूस वेचणीला. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक असतं. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही दिवाळीनंतरच उभा राहतो. नागपूरला जाऊन अडीच तासांचा सिनेमा बघायचा तर एसटीचं जाणं-येणं धरून दिवस मोडतो. मुंबईत ज्याला ‘ओपनिंग वीकेंड’ म्हणतात, त्या शनिवार-रविवारी कुहीतला प्रेक्षक मंडईच्या तयारीत असतो.

म्हणून शेवटी वही घेऊन गावात बसलो. इथे माझ्या चुका जास्त कामाच्या आहेत, त्या सांगतो. पहिली मुलाखत मी अशी सुरू केली: “२०१३ साली क्रिश तीन पाहून तुम्हाला निराशा झाली का?” समोरचे काका म्हणाले, “झाली असन ना जी.” संपलं. प्रश्नातच उत्तर भरून दिलं होतं आणि त्यांनी ते मला सौजन्याने परत केलं. शिवाय २०१३ असं कोणी आठवत नाही. आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं गोसेखुर्दच्या पाण्यामुळे उठली. तिथल्या माणसाला विचारायचं असतं, जुन्या गावात असताना पाहिला की नव्या? मग धडाधड आठवतं: टीव्ही कोणाचा होता, कोणाच्या ओसरीवर बसले होते, लाइट केव्हा गेली.

मुख्य म्हणजे बहुतेकांनी तो थिएटरात पाहिलाच नव्हता. टीव्हीवर, किंवा मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणून. एकाने मला ठासून सांगितलं, पिक्चर एकदम बेकार, त्याला शेवटच नाही. अर्धा तास बोलल्यावर कळलं, त्याच्या कार्डातली फाइल मध्येच तुटलेली होती. रोहित मरतो हे त्याला माझ्याकडूनच कळलं! त्याची निराशा शंभर टक्के खरी होती, फक्त ती राकेश रोशन यांच्यावर नव्हती. दुसऱ्या एकीने जादू किती छान होता ते सांगितलं. जादू हे पात्र पहिल्या सिनेमातलं. तिच्या आठवणीत तिन्ही भाग मिळून एकच लांबलचक सिनेमा झाला आहे, आणि तो तिला फार आवडतो. हे चुकीचं म्हणून खोडायचं का? मी खोडलं नाही, कारण टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारे सिनेमे असेच पाहिले जातात, मध्येच सुरू करून मध्येच सोडून.

आणखी एक सावधगिरी. २०२० नंतर घेतलेल्या मुलाखतीत विषाणूचा विषय निघाला की कोरोना येतोच. “त्यानं आधीच दाखवलं होतं,” असं मला तिघांनी सांगितलं. ही २०१३ ची प्रतिक्रिया म्हणून नोंदवू नका. मुलाखतीची तारीख वर लिहा आणि हे कोरोनानंतरचं मत आहे म्हणून वेगळं ठेवा.

मॅडमना परत दिलेलं वाक्य आता असं आहे: ‘२०१३ च्या दिवाळीत प्रदर्शित झालेल्या क्रिश ३वर अनेक परीक्षकांनी हॉलिवूडच्या अनुकरणाचा आक्षेप घेतला, त्याच्या कमाईचे आकडे तेव्हापासून विवादित आहेत, कुही तालुक्यातल्या ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांपैकी बहुतेकांनी तो थिएटरबाहेर, उशिरा आणि तुकड्यांत पाहिला, आणि त्यांची नापसंती असलीच तर ती अनेकदा प्रतीबद्दल आहे.’ वाचायला पहिल्यासारखं सुटसुटीत नाही. मॅडमनी ‘अनेकदा’खाली पुन्हा रेघ मारून ‘किती?’ विचारलंय. सतरापैकी सहा. तो आकडा तळटीपेत टाकतोय.

‘क्रिश ४’ची घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली आहे, दिग्दर्शन हृतिक रोशन करणार. हा विषय कोणाला घ्यायचा असेल तर सिनेमा लागायच्या आधीच कामाला लागा: लोक काय अपेक्षा धरून आहेत ते आत्ताच, तारीख घालून लिहून ठेवा. ‘क्रिश ३’च्या बाबतीत माझ्याकडे नेमकं तेच नाही.