वार्धक्याचें शास्त्र

पनवेलचें नांव निघतांच धूतपापेश्वराच्या औषधांची आठवण होते. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं तो कारखाना १८७२ सालीं तेथें काढला. घरोघरीं पोंचलेला च्यवनप्राश हें मुळांत चरकसंहितेंतील एक रसायन; आणि रसायनतंत्र हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक. त्याचा भर जरा दूर ठेवण्यावर. पण आलेल्या वार्धक्याचें काय?

पाश्चात्त्य वैद्यकालाहि हा प्रश्न उशिराच सुचला. न्यूयॉर्कचे डॉ. इग्नात्झ नॅशर यांनीं १९०९ सालीं या शाखेला ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हें नांव दिलें. पुढें १९३५ सालीं लंडनमध्यें निराधारांच्या रुग्णालयांतील ७१४ रोगी डॉ. मार्जरी वॉरन यांच्या हातीं आले. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना त्यांनीं एकेक करून तपासलें, बसविलें, चालविलें. कित्येक जण घरीं परतले. म्हातारपण हें रोगाचें निदान नव्हे, हा धडा तेथें मिळाला.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयांत १९७८ सालीं वृद्धांसाठीं स्वतंत्र विभाग निघाला. १९९६ सालीं तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण सुरू झालें.

पनवेलजवळ कामोठ्यासहि आतां वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘वयच झालें’ म्हणून आजोबांना परत पाठविणें सोपें. त्यांना काठी टेकीत ओसरीपर्यंत आणणें अवघड. रसायनाच्या या गांवीं तरुण डॉक्टरांनीं तेंच शिकावें.