सागरतळींचें सूक्ष्म छायाचित्रण

आजच्या भाषणास मी एका बाटलीपासून आरंभ करतों. ज्या शाळेंत मी शिक्षक होतों, ती समुद्रकांठच्या एका गांवांत आहे. तेथील शास्त्राच्या कपाटांत स्पिरिटनें भरलेली एक कांचेची बाटली होती, व तींत पिवळट पांढऱ्या रंगाचा, आंखडून गोळा झालेला एक लहानसा पदार्थ तरंगत असे. वरच्या चिठ्ठीवर ‘समुद्री गोगलगाय’ असें लिहिलेलें होतें. दरवर्षीं मृदुकाय प्राण्यांचा पाठ आला, कीं मी ती बाटली वर्गांत फिरवीत असें आणि ‘हा पाहा तो प्राणी’ असें सांगत असें. तीस वर्षें हा क्रम चालला. मुलें बाटलीकडे क्षणभर पाहत आणि ती पुढच्या बाकाकडे सरकवीत. त्यांत त्यांचा कांहीं दोष नव्हता.

निवृत्त झाल्यावर एके दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो आतां मालवणच्या बाजूस पर्यटकांना पाण्याखालीं घेऊन जाण्याचें काम करतो. त्यानें खिशांतून साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा काढला, त्याच्या पाठीवरचा पडदा माझ्यापुढें धरला आणि विचारलें, “गुरुजी, हिला ओळखलंत का?” पडद्यावर एक निळा-जांभळा जीव खडकावरून चालला होता. अंगाला पिवळी किनार, डोक्यावर दोन शिंगें, आणि पाठीवर पिसांसारखा नाजुक तुरा. मला ओळख पटेना. तेव्हां तो म्हणाला, “अहो, ही तुमच्या बाटलींतल्या गोगलगाईची बहीण!” तो हसला, मला मात्र हसूं आलें नाहीं. तीस वर्षें मीं मुलांना प्राणी म्हणून प्राण्याचें प्रेत दाखविलें होतें. करंगळीच्या पेराएवढ्या जीवाला त्याच्याच घरीं पाहण्यास मनुष्यास इतका काळ कां लागला, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत घोळूं लागला. त्याचें उत्तर आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

ह्या गोगलगाईंना कवच नसतें. अंड्यांतून बाहेर पडतांना असलेलें इवलेंसें कवच त्या पुढें टाकून देतात. त्यांच्यापैकीं पुष्कळ जाति स्पंज खातात व त्यांतील विष आपल्या अंगांत सांठवितात. भडक रंग ही शत्रूला दिलेली सूचना असते. डोक्यावरच्या शिंगांनीं त्या वास घेतात, आणि पाठीवरचा तुरा म्हणजे त्यांचे कल्ले. पाण्याबाहेर काढतांच तुरा मिटतो, अंग आंखडतें, आणि स्पिरिटमध्यें टाकल्यावर रंग उतरून जातो. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांना जिवंत प्राणी समोर ठेवून कुंचल्यानें चित्र काढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. इंग्लंडांत ऑल्डर व हॅनकॉक ह्या दोघांनीं सन १८४५ ते १८५५ ह्या काळांत ह्या प्राण्यांवर रंगीत चित्रांचा एक थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या देशाशींहि त्यांचा संबंध आला. मद्रास इलाख्यांतील अधिकारी वॉल्टर इलियट ह्यानें पूर्वकिनाऱ्यावर वॉल्टेअर येथें असे प्राणी जमविले होते. त्या संग्रहाचें वर्णन ह्याच दोघांनीं सन १८६४ मध्यें प्रसिद्ध केलें. आपल्या मुंबईचें नांवहि एका गोगलगाईस मिळालेलें आहे. विंकवर्थ ह्या शास्त्रज्ञानें सन १९४६ मध्यें तिला ‘बॉम्बेयाना’ हें नांव दिलें. परंतु ही सर्व ओळख किनाऱ्यावर झालेली. ज्या घरांत हे जीव राहतात, त्या घरांत पाहुण्याला प्रवेश नव्हता.

तो प्रवेश कॅमेऱ्यानें कसा मिळविला, तें आतां पाहूं. सन १८५६ मध्यें इंग्लंडच्या वेमथ उपसागरांत विल्यम थॉम्पसन नांवाच्या एका वकिलानें लांकडी पेटींत कॅमेरा ठेवून ती पेटी होडींतून सुमारें अठरा फूट खोल सोडली. दोरी ओढून पेटीचें झांकण उघडलें आणि दहा मिनिटें वाट पाहिली. पेटींत पाणी शिरलें. तरीहि कांचेवर खडकांची व शेवाळाची अंधुक आकृति उमटली. थॉम्पसन स्वतः मात्र होडींतच बसून होता.

स्वतः खालीं उतरून चित्र घेण्याचें कार्य फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ ह्यानें सन १८९३ मध्यें भूमध्य समुद्राच्या कांठीं बान्यूल्स येथें केलें. कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी त्याच्या भावानें आंखून दिली होती. प्रकाश इतका अपुरा पडे, कीं एकेका चित्रास अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. म्हणून त्यानें एका पिंपावर मद्यार्काचा दिवा बसविला व त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकून पाण्याखालीं लखलखाट पाडला. ह्या विषयावरचा त्याचा ग्रंथ सन १९०० मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें सन १९२६ मध्यें अमेरिकेंत फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन ह्यांनीं तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून माशांचीं पहिलीं रंगीत चित्रें घेतलीं.

हा एवढा खटाटोप कशासाठीं? ह्याचें कारण पाण्याच्या स्वभावांत आहे. पाणी प्रकाश गिळतें, आणि त्यांतहि तांबडा रंग आधीं गिळतें. पहिल्या पांच-सहा मीटरांतच तो बहुतेक मावळतो आणि सगळें जग निळसर-हिरवें दिसूं लागतें. शिवाय पाण्यांत गाळाचे व सूक्ष्म जीवांचे असंख्य कण तरंगत असतात. दिवा लावला, कीं ते कणच उजळतात आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उठतात. ह्यावर उपाय एकच: भिंग व विषय ह्यांच्यामधलें पाणी कमी करणें. दिवाहि तितकाच जवळ आणला म्हणजे गेलेला तांबडा रंग परत येतो. पाण्याखालच्या छायाचित्रणाचा सर्व इतिहास म्हणजे हें मधलें पाणी कमी करण्याचा इतिहास होय.

ह्या मार्गावरचा मोठा टप्पा निकोनॉस हा कॅमेरा. बेल्जियन अभियंता झां द वूटर्स ह्यानें कूस्तोच्या मंडळींसाठीं ‘कॅलिप्सो’ नांवाचा कॅमेरा तयार केला होता. त्याला वेगळी पेटी लागत नसे; रबरी कड्यांनीं त्याचे सांधे बंद केलेले असत. निकॉन कंपनीनें सन १९६३ मध्यें तो ‘निकोनॉस’ नांवानें काढला. भिंगामागें एक नळी बसविली, कीं त्यानें लहान जीवांचीं चित्रें घेतां येत. परंतु भिंगांतून पाहण्याची सोय त्यांत नव्हती. म्हणून पुढें तारेची एक चौकट लावीत व प्राणी चौकटींत आला, कीं कळ दाबीत. संथ गोगलगाय चौकट सहन करी, पण मासा ती पाहतांच पळून जाई. फिल्मच्या एका गुंडाळीवर छत्तीस चित्रें. तीं संपलीं, कीं वर येण्यावांचून उपाय नसे. आणि चित्र साधलें कीं फसलें, हें कळण्यास फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावें लागे.

ही अडचण दूर झाली ती एका अगदीं निराळ्या शोधानें. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत सन १९६९ मध्यें बॉईल व स्मिथ ह्यांनीं प्रकाशाचें विद्युत्संकेतांत रूपांतर करणारें एक सूक्ष्म पटल शोधून काढलें; त्याबद्दल त्यांना सन २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. सन १९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्यानें अशा पटलाचा कॅमेरा जुळविला. त्याचें वजन सुमारें आठ पौंड होतें, आणि एक चित्र फितीवर उतरण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. सन १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ह्या कॅमेऱ्यांत घेतलेलें चित्र लगेच दाखविणारा पडदा पाठीवर आला. पाण्याखालच्या माणसाला हें वरदान होय. कारण चूक तेथेंच दिसते आणि तेथेंच सुधारतां येते.

पुढें हे कॅमेरे खिशांत मावूं लागले, आणि येथें एक मौजेची गोष्ट घडली. लहान कॅमेऱ्याचें पटल सुमारें सहा मिलिमीटर रुंद, तर फिल्मची चौकट छत्तीस मिलिमीटर रुंद. जाणकार त्या लहान पटलास दुबळें म्हणत, व अंधुक प्रकाशांत तें दुबळें आहेहि. परंतु जरा गणित करून पाहा. बारा मिलिमीटर लांबीचा प्राणी फिल्मवर चौकटभर यावा, तर त्याची प्रतिमा तिप्पट मोठी करावी लागते. सहा मिलिमीटरच्या पटलावर तीच चौकट निम्म्या आकाराच्या प्रतिमेनें भरते. म्हणजे जें काम मोठ्या कॅमेऱ्यास अवजड भिंगांनीं करावें लागतें, तें लहान भिंग सहज करतें. शिवाय शिंगापासून शेपटापर्यंत प्राण्याचा अधिक भाग एकाच वेळीं स्पष्ट येतो. सन २०१५ चा ऑलिंपस टीजी-४ हा कॅमेरा पेटीशिवाय पंधरा मीटर खोलीपर्यंत चालणारा आणि भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तु स्पष्ट दाखविणारा होता. थॉम्पसनच्या पेटींत शिरलेलें पाणी आणि बूताँचें पिंप आठवलें, म्हणजे ही मजल किती मोठी आहे हें ध्यानांत येईल.

माझा विद्यार्थी सांगतो, कीं युक्ति फार नाहीं. प्रथम श्वास व तोल सांभाळून स्थिर व्हावें, पाय तळाला लागूं देऊं नयेत. नाहींतर उडालेला गाळ सर्व चित्र बिघडवितो. प्राण्याच्या वरून नव्हे, तर समोरून, त्याच्या उंचीवर येऊन चित्र घ्यावें. फार जवळ गेलें, कीं भिंगाचीच सावली प्राण्यावर पडते. म्हणून दिव्याचा प्रकाश भिंगाभोंवतीं सारखा पसरविणारें कडें लावावें. आणि सर्वांत अधिक लागतो तो धीर.

ह्या धीराशींच आजच्या विषयाचें मर्म निगडित आहे. एक सेंटिमीटरपर्यंत पोंचणारा कॅमेरा हातांत आला, तसे हातहि तेथवर पोंचले. चित्र चांगलें यावें म्हणून कोणी प्राण्याला काडीनें ढोसतो, कोणी उचलून शोभिवंत पोंवळ्यावर ठेवतो. कॅमेऱ्याच्या लखलखाटानें माशांच्या डोळ्यांस इजा होते काय, ह्याचा अभ्यास सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. लखलखाटाचा परिणाम माणसाच्या नुसत्या जवळ असण्यापेक्षां अधिक नसतो, असें त्यांत आढळलें. म्हणजे दोष दिव्याचा नाहीं, आपला आहे. खोड काढून घेतलेलें चित्र म्हणजे माझ्या बाटलीचीच सुधारलेली आवृत्ति होय. जागेवरून हलविलेला प्राणी पुन्हां एकदां खोटा ठरतो.

उलट, न हलवितां घेतलेलें साधें चित्रहि शास्त्राच्या कामीं येतें; कारण तो जीव कोठें, कोणत्या दिवशीं, काय खात होता, ह्याची नोंद त्याच्याबरोबर येते. मुंबईंत सन २०१७ मध्यें ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ह्या नांवानें अशाच नोंदींचा उपक्रम सुरू झाला. ओहोटीच्या वेळीं खडकांतल्या डबक्यांपाशीं बसून सामान्य नागरिक अशीं चित्रें घेऊं लागले. ज्या किनाऱ्याकडे आपण नाक मुरडून पाहत होतों, तेथेंच ह्या रंगीत गोगलगाई नांदतात, हें मुंबईकरांना त्यामुळें कळलें.

मागच्या वर्षीं मी शाळेंत गेलों होतों. बाटली अद्याप कपाटांत आहे. ती फेंकून द्यावी असें मला वाटत नाहीं. तिनेंहि आपल्या परीनें शिकविलें. पण तिच्याशेजारीं मीं त्या विद्यार्थ्यानें घेतलेलें चित्र लावून ठेविलें. एका मुलीनें तें पाहून मला विचारलें, “गुरुजी, हा प्राणी आतां कुठं आहे?” तीस वर्षांत बाटलीकडे पाहून असा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. मीं सांगितलें, “जिथं पाहिला, तिथंच आहे.”