इंग्रजी समानार्थ-विवेचन आणि रॉजेटचा कोश

योग्य इंग्रजी शब्द कसा निवडावा, या प्रश्नासरशी बहुधा पीटर मार्क रॉजेट याच्या ‘थिसॉरस’चे नाव पुढे येते. परंतु समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद सांगणे हा आपल्या ग्रंथाचा विषय नव्हे, असे १८५२ च्या प्रस्तावनेत खुद्द रॉजेटनेच म्हटले आहे. भेद सांगणारी परंपरा याहून जुनी असून ती बरीचशी विस्मृतीत गेली आहे.

गाब्रिएल जिरार याने १७१८ मध्ये फ्रेंच समानार्थक शब्दांचे विवेचन केले. जॉन ट्रस्लरने १७६६ मध्ये तेच धोरण इंग्रजीस लावले. इंग्रजीत याची निकड अधिकच होती. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर मूळच्या शब्दांशेजारी फ्रेंच शब्द येऊन बसले, पुढे लॅटिनचीही भर पडली. ‘बिगिन’ व ‘कमेन्स’ या दोहोंचा अर्थ आरंभ करणे हाच. तथापि घरगुती बोलण्यात ‘कमेन्स’ अवघडल्यासारखा वाटतो. मराठीतील ‘पाणी’ व ‘जल’ यांसारखाच हा प्रकार होय. येथे भेद वस्तूचा नसून प्रसंगाचा आहे.

प्रसंगाच्या या भेदाकडे हेस्टर लिंच पिओझी यांनी लक्ष दिले. डॉ. जॉन्सनच्या स्नेहमंडळातील या विदुषींचे पती इटालियन होते. नित्याच्या संभाषणातील शब्दनिवड हाच आपला विषय असल्याचे त्यांनी १७९४ च्या ‘ब्रिटिश सिनॉनिमी’च्या शीर्षकातच नमूद केले. परभाषक कोठे अडखळतो, हे त्यांनी घरीच पाहिले असावे. उलट जॉर्ज क्रॅबने १८१६ मध्ये व्युत्पत्तीवर भर दिला. व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते, त्याचा चालू व्यवहार सांगतेच असे नाही. तरीही क्रॅबच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि पिओझीबाई मागे पडल्या. हा निवाडा न्याय्य म्हणता येत नाही.

रॉजेट पेशाने वैद्य. १८०५ मध्ये स्वतःच्या लेखनासाठी केलेली वर्गवार शब्दयादी त्याने पुढे वाढवून, सृष्टिविज्ञानातील वर्गीकरणाच्या धर्तीवर, सहा वर्गांत व एक हजार शीर्षकांखाली मांडली. शब्द समोर येताच वाचक आपला शब्द आपणच ओळखील, हे त्यात गृहीत होते. मातृभाषकास ते साधते. परभाषकाच्या हाती मात्र केवळ यादी पडते. त्यास हवा असलेला भेद नेमका तीत नसतो. अमेरिकेत १९४२ मध्ये निघालेल्या वेब्स्टरच्या समानार्थकोशाने लेखकांची अवतरणे देऊन हे भेद पुन्हा विस्ताराने मांडले.