लेखांक: मराठी इतिहासातील आधाराची खूण

कोणती गोष्ट कोठून कळली हे सांगण्याचा बखरकारांमध्ये प्रघात नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला शिवचरित्र लिहिले ते मुख्यतः आठवणीवर. पुढे 1826 साली ग्रँट डफचा तीन खंडांचा इतिहास लंडनला छापला गेला. त्यात तळटीपा होत्या, पण पुष्कळ ठिकाणी नुसता ‘मराठी हस्तलिखिते’ एवढाच उल्लेख. हस्तलिखित कोणते, कोणाच्या घरचे, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867-68च्या सुमारास या ग्रंथावर टीका केली आणि अस्सल कागदांची निकड जाणवू लागली. 1878मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने बखरी आणि पत्रे छापायला घेतली.

खरी शिस्त आणली ती वि. का. राजवाडे यांनी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ (‘मइसा’) या त्यांच्या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. जुन्या घराण्यांच्या वाड्यांत रुमालांत बांधून पडलेले, कसरीने खाल्लेले कागद त्यांनी गावोगाव हिंडून मिळवले, मोडी वाचून बाळबोधीत उतरवले आणि छापताना प्रत्येक पत्राला क्रमांक दिला. हाच लेखांक.

या साध्या आकड्याचे मोल पत्र हातात घेतले की कळते. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’, शेवटी बहुधा नुसती तिथी, नाहीतर ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख. साल पुष्कळदा नसतेच. मजकुरातली मोहीम, माणसे, मुक्काम ताडून ते ठरवावे लागते आणि त्यात चूक होते. पुढच्या अभ्यासकाने साल बदलले तरी लेखांक तोच राहतो, त्यामुळे वाद घालणारे दोघेही एकाच पत्राविषयी बोलत असतात. नव्या आवृत्तीत पानांचे आकडे बदलतात. लेखांक बदलत नाही. म्हणून ‘मइसा’, खंड आणि लेखांक एवढा हवाला पुरतो.

1910 साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तराचे 45 खंड संपादणाऱ्या गो. स. सरदेसाई यांनी हीच वाट धरली.

मात्र सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’ या इतिहासग्रंथात वाचलेला हवाला मूळ खंड न उघडता आपल्या तळटीपेत उतरवणे ही वाईट खोड आहे. उतरवताना लेखांकाचा एक आकडा चुकला, तर वाचक भलत्याच पत्रापाशी पोचतो आणि तीच चूक पुढच्या ग्रंथांत जाते. मूळ पाहिले नसेल तेथे रियासतीचेच नाव द्यायचे असते.