आज येऊ नका!

मंडळी, आपल्या आयटीत काम नसलं की माणूस बेंचवर जातो. धाकधूक असते, पण महिनाअखेर पगार होतो. अमेरिकेतल्या अनेक नर्सेसना एवढंही सुख नाही. संध्याकाळी ७ ची शिफ्ट असते आणि दोनेक तास आधी फोन येतो, "आज पेशंट कमी आहेत, येऊ नका." तिकडे याला 'लो सेन्सस' म्हणतात. शिल्लक रजा खर्ची घाला, नाहीतर दिवस बिनपगारी. नाताळच्या सुमाराला लोक ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलतात, तेव्हा हे फोन वाढतात. आठवड्याला १२ तासांच्या तीनच शिफ्ट धरल्या, तर एक गेली की एक तृतीयांश कमाई गेली!

हे आलं कुठून? १९२० च्या दशकात तिकडच्या बहुतेक नर्सेस हॉस्पिटलच्या नोकरीत नव्हत्याच. वॉर्डातलं काम विद्यार्थिनी करायच्या. शिकून बाहेर पडलेली नर्स रजिस्ट्रीत नाव नोंदवून एकेका पेशंटकडे रोजावर जायची. १९२९ नंतरच्या मंदीत खाजगी नर्स परवडेनाशी झाली आणि नर्सेस हळूहळू हॉस्पिटलच्या पगारावर आल्या. मेख इथेच आहे. डॉक्टरचं बिल वेगळं राहिलं, नर्सिंग मात्र खोलीभाड्यात गेलं. म्हणजे हिशेबाच्या वहीत नर्स ही कमाई नव्हे, खर्च.

१९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला. सुरुवातीला सरकार झालेला खर्च भरून द्यायचं, त्यामुळे काटकसरीची घाई नव्हती. १९८३ मध्ये, रेगनच्या काळात, नियम बदलला : आजाराच्या गटानुसार ठरलेली रक्कम. पेशंट चार दिवस राहो की आठ, पैसे साधारण तेवढेच. मग पेशंट लवकर घरी जाऊ लागले, खाटा रिकाम्या राहू लागल्या. मशीनचा हप्ता काही थांबवता येत नाही. नर्सची शिफ्ट थांबवता येते!

आणि कायदा? १९३८ च्या केंद्रीय कायद्यानुसार तासावर काम करणाऱ्याला केलेल्या तासांचेच पैसे. कॅलिफोर्नियात कामावर हजर झालेल्याला परत पाठवलं तर अर्ध्या शिफ्टचे, म्हणजे किमान २ आणि कमाल ४ तासांचे, पैसे द्यावे लागतात. फोन घरून निघण्याआधीच का येतो ते कळलं ना? धर्मादाय हॉस्पिटलांतल्या कामगारांचं युनियनचं संरक्षण १९४७ मध्ये गेलं होतं, ते १९७४ मध्ये परत मिळालं. तेव्हापासून काही करारांत शिफ्ट किती वेळा रद्द करायची याला मर्यादा आली. जिथे युनियन नाही, तिथे सगळा मॅनेजरचा कारभार.

२०२० च्या एप्रिलमध्ये तर कमालच झाली. लोक नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी ठरलेली ऑपरेशनं बंद पडल्यामुळे कित्येक नर्सेस बिनपगारी घरी बसल्या होत्या. दवाखाने, दंतवैद्य वगैरे सगळे धरून त्या एका महिन्यात अमेरिकेच्या आरोग्य क्षेत्रातल्या सुमारे १४ लाख नोकऱ्या गेल्या.

लोड कमी झाला की आपण सर्व्हर बंद करतो. ठीक आहे, सर्व्हरला घरभाडं भरायचं नसतं. नर्स रोजावरून पगारावर आली खरी, पण पेशंट न येण्याची जोखीम शंभर वर्षांनंतरही तिच्याच पदरात आहे.