‘ओखा’ म्हणजे कुठले पान? – सोप्या स्पॅनिशची गोष्ट

सरकारी कागद कुठल्याही भाषेतला असो, तो दोनदा वाचावा लागतो. पण ज्यांना तो दहादा वाचूनही कळत नाही, त्यांनी काय करायचे? मी संगणक क्षेत्रातला सल्लागार. स्पॅनिशच्या जगात या प्रश्नावर जे काम झाले, त्याचा इतिहास मला आमच्या धंद्यातल्या अनेक यशकथांपेक्षा मोलाचा वाटतो.

सुरुवात झाली मोजमापाने. १९४८ साली अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी वाक्याची आणि शब्दांची लांबी मोजून मजकूर किती सोपा ते सांगणारे सूत्र मांडले. स्पॅनिशला ते जसेच्या तसे लागू पडेना, कारण तिचे शब्दच मुळात लांब. इंग्रजी ‘डॉग’ एका दमात संपतो, स्पॅनिश ‘पेर्रो’चे दोन तुकडे होतात. म्हणून १९५९ मध्ये फर्नांदेस उएर्ता यांनी त्या सूत्रातले आकडे स्पॅनिशसाठी बदलले.

पण लांब म्हणजे अवघड, असे थोडेच असते? अडथळा या अर्थाचा ‘ओबिसे’ हा शब्द छोटा, पण पुस्तकी. ‘दिफिकुल्ताद’ लांबलचक, तरी सगळ्यांच्या तोंडचा.

२०१० नंतर बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात ओरासिओ साजिऑन आणि सहकाऱ्यांनी ‘सिम्प्लेक्स्ट’ प्रकल्पात पुढची मजल मारली. आकलनाची अडचण असलेल्यांसाठी बातम्या संगणकाने सोप्या करायच्या, हे उद्दिष्ट. त्यासाठी २०० बातम्या आधी माणसांनी सोप्या करून दिल्या. लांब वाक्ये तोडायची, अवघड शब्द बदलायचे. ऐकायला सोपे! पण ‘ओखा’ म्हणजे झाडाचे पान आणि कागदाचेही पान, अगदी आपल्या मराठीसारखेच. त्यामुळे आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ ठरवायचा आणि मगच रोजच्या वापरातला, आटोपशीर शब्द निवडायचा, अशी पद्धत त्यांनी २०१२ मध्ये मांडली. चुकीचे पान उचलले, तर मजकूर सोपा होईल, पण खोटा होईल.

हे किती गंभीर आहे ते मेक्सिकोत दिसले. आस्पर्गर असलेल्या एका तरुणाने, स्वतःचे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या कायद्याविरुद्ध दाद मागितली होती. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकालासोबत त्याची सोप्या भाषेतली आवृत्तीही दिली. ती माणसांनीच लिहिली होती. ज्याच्या आयुष्याचा निकाल, त्याला तो स्वतः वाचता यायला नको का?

स्पेनने २०१८ मध्ये सोप्या वाचनाचे राष्ट्रीय मानक काढले. त्यात ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्याकडून मजकूर तपासून घेण्याची पायरी आहे. आज संगणक क्षणात परिच्छेद सोपा करून देतो, तरी ही पायरी गाळता येत नाही.

आपल्या इथल्या मुलांना बोललेली मराठी कळते, छापलेली अडते. त्यांच्यासाठी कोणी असे काम हाती घेतले, तर पहिली प्रत आपण तज्ज्ञांना नव्हे, मुलांनाच वाचायला देऊ या.