फरशीवर ओरखडे का पडतात? पलंग, आलमारी, कुलरच्या पायांखाली काय लावावे

हट्टा (बालाघाट) : गावात सारवलेली घरे आता कमी होत चालली आहेत. कोणी कोटा बसवतो, कोणी टाइल्स. सामान मात्र जुनेच राहते. आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग, लग्नात आलेली लोखंडी आलमारी, उन्हाळ्यात बाहेर निघणारा कुलरचा स्टँड. सारवलेल्या जमिनीत पलंगाचा पाय रुतला तर शेणमातीने खड्डा बुजवता येत होता. टाइल्सवरचा ओरखडा तसा बुजत नाही.

खरी दोषी रेती

ओरखडा पायाने पडतो असे आपण समजतो. बहुतेक वेळा तो पायाखाली अडकलेल्या रेतीने पडतो. नदीच्या रेतीत क्वार्ट्झ म्हणजे गारेचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापात क्वार्ट्झ ७ वर आहे. कोटा आणि संगमरवरात मुख्यतः असलेले कॅल्साइट फक्त ३ वर. म्हणून लाकडाचा मऊ पायसुद्धा, खाली रेती असली की, फरशी खरडतो. सामान सरकवण्याआधी झाडू मारा, आणि शक्यतो दोघांनी उचलूनच हलवा.

वजनाचा हिशोब

समजा, कपड्यांनी भरलेली आलमारी १२० किलोची आहे. चार पाय, म्हणजे एका पायावर ३० किलो. पायाचा तळ २ बाय २ सेंटीमीटर असेल तर एका चौरस सेंटीमीटरवर साडेसात किलो दाब येतो. त्याच पायाखाली १० बाय १० सेंटीमीटरची जाड लाकडी फळी ठेवली की दाब ३०० ग्रॅमवर येतो. टाइल्सखाली मसाला नीट भरला नसेल तर पायाखालची टाइल तडकू शकते. टाइल बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे जड सामान ठेवू नका.

कशाखाली काय?

- खुर्ची, स्टूल : रोज सरकतात, म्हणून तळाला नमद्याच्या चकत्या चिकटवा. चकतीत रेती रुतून बसते. महिन्यातून एकदा पाय उलटे करून बघा, झिजली असेल तर बदला.
- पलंग, आलमारी : लाकडी फळी किंवा रुंद प्लास्टिकचे गट्टू.
- लोखंडी पाइपचे पाय : हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे बूट. पाइपच्या मापाचेच घ्या, सैल बूट निघून पडतो.
- कुलर : इथे नमदा नको, तो पाणी धरून ठेवतो. प्लास्टिकच लावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो, पण फिकट टाइल्सवर त्याचा काळा डाग उमटू शकतो.

गंजाचा डाग

आमच्या घरी कुलरचा स्टँड चार महिने एकाच जागी होता. पावसाळ्यात उचलला तर खाली चार तांबडे चौकोन. चूक आमचीच, पायांना बूट नव्हते. टाइल्सवरचे डाग लिंबू चोळून बरेच फिके झाले. पण कोटा, संगमरवर किंवा सिमेंटच्या फरशीवर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड लावू नका. त्यातला चुना आंबटाने खाल्ला जातो आणि डागाच्या जागी खरबरीत चट्टा उरतो. तिथे साबणाचे पाणी आणि नरम ब्रश एवढेच.

मिस्त्री घरात असतानाच

फरशी बसवताना चार-सहा टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवा. नंतर त्याच कंपनीची टाइल मिळाली तरी रंगाची छटा जुळेलच असे नाही. आणि काम संपल्यावर, सामान आत नेण्याआधी, उरलेली रेती आधी अंगणाबाहेर काढा. नव्या फरशीवर पहिले ओरखडे बहुधा सामान आत नेण्याच्या घाईतच पडतात.